सुटलेली तार

आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात.
एकतीस वर्षं यंत्रमागावर उभं राहून
नानांचे दोन्ही कान गेले.
अंबूचा फोन आला की ते कानाशी धरायचे, मिनिटभर,
आणि कशालाही हो म्हणायचे.
जेवलात का? हो.
गोळ्या संपल्या का? हो.
इथं उणे बावीस आहे, नाना.
हो, हो.

सोलापूर तेव्हा चव्वेचाळीसवर.
पत्र्याखाली मी विड्या वळत होते,
ओल्या फडक्यातसुद्धा तेंदूचं पान कडक होत होतं.
उणे बावीस म्हणजे किती, या विचारात
माझी हजाराची मोजणी चुकली.

डोंगर त्यानं पाहिलाच नव्हता.
आमच्याकडे उंच म्हणजे
जुन्या गिरणीचं धुराडं आणि पाण्याची टाकी.
पहिल्या भरतीत उंचीला अर्धा इंच कमी भरला,
तर महिनाभर शेडच्या तुळईला लोंबकळत राहिला.
पहाटे सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या,
मग अंघोळ, मग कांड्या भरायला कारखान्यात.

सुट्टीवर आला तेव्हा
पाचव्या दिवशी नळ आला, रात्री दोनला.
घागरी लावता लावता हसला,
अक्का, तिकडं बर्फावर उभा असतो
आणि प्यायला पाणी नाही.
स्टोव्हवर वितळवायचं. अर्धा तास, एक मग.
सोलापूरच्या माणसाला त्यात काय अवघड!

गाठ त्याला मी शिकवली.
तुटलेल्या सुताची, दोन बोटांत, न बघता.
फणीतून निघून गेली पाहिजे
आणि कुणाला कळता कामा नये.

साहेब आले तेव्हा टोपी काखेत होती.
हळू बोलले. असली बातमी हळूच सांगतात.
नाना त्यांच्या ओठांकडे बघत राहिले
आणि म्हणाले, हो.

मग ती मला ओरडून सांगावी लागली.

साऱ्या वस्तीनं ऐकली.
शेजारच्या शेडमधला एक माग थांबला,
मग दुसरा.
आयुष्यात पहिल्यांदा मला
आमच्या गल्लीतल्या चिमण्या ऐकू आल्या.

चौकात फलक लागला.
त्यावर अंबू अंगठ्याएवढा,
श्रद्धांजली वाहणारे सतरा जण त्याच्याहून मोठे.
पावसात फाटला, तेव्हा तोच आधी फाटला.

दिवाळीनंतर गडहिंग्लजचा लान्स नाईक चौगुले आला.
कडक भाकरी मोडत बसला, शेंगाचटणीला हात लावला नाही.
मग म्हणाला, दोर लावायचं काम त्याचं होतं.
रात्रीचा कडा. हातमोजे घालून गाठ बसेना,
त्यानं ते काढून दातात धरले.
वरून गोळीबार सुरू झाला तेव्हा तिसरी गाठ झाली होती.
खाली येता आलं असतं.
तो चौथीकडे गेला.
ताई, त्या दोरावरून आम्ही अकरा जण चढलो.
चढताना प्रत्येकाला त्याच्या अंगावरून जावं लागलं.

एवढं बोलून त्यानं पाणी मागितलं.
मी तांब्या भरून दिला. त्यानं घोट घेतला,
उरलेलं बराच वेळ नुसतं बघत बसला.

ट्रंकेत चादर होती.
नानांनी एका सुट्टीच्या दिवशी मालकाला विचारून
किनारीत त्याचं नाव विणलं होतं.
नाव मोठं व्हावं म्हणून पुठ्ठे दोनदा पाडले.
अंबूनं कळवलं होतं, इथं ओली झाली की चादरीची फळी होते,
पण उशाला घेतो.
घडीची रेघ तशीच होती.
वास कसलाच नव्हता. केरोसीनचा थोडा.

नानांनी ती ट्यूबलाइटखाली धरली.
मालाची तपासणी करतात तशी
बोटं आडवी फिरवत गेले, इंच इंच,
नावापाशी थांबले नाहीत.
खाली एका कोपऱ्यात थांबले.

इथं एक तार सुटलीय, ते म्हणाले.
पाच महिन्यांत हो सोडून पहिलंच काही.
मी ओरडले, कुणाला दिसते ती, नाना?

त्यांना ऐकू आलं नसावं.
हा सेकंडचा माल, ते म्हणाले,
पोराला मी सेकंडचा माल दिला.